पुढचा प्रोपेलर शाफ्ट तिसऱ्यांदा तुटला: चौथा बसवण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुना फोर बाय फोर डिझेल पिकअप, पुढेमागे सॉलिड अ‍ॅक्सल आणि कमानपाटे, पार्ट-टाइम ट्रान्स्फर केस (इंजिनाचा जोर मागे आणि हवा तेव्हाच पुढेही देणारी गिअरची पेटी), पुढे हाताने फिरवायचे फ्री-व्हील हब (चाक जोडणारे-सोडणारे). पाटे आणि लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसिसला टांगणारी पट्टी) मिळून गाडी अडीच इंच उचललेली, ३१ इंची टायर, त्यातले पुढचे दोन नवे आणि मागचे अर्धे झिजलेले. आठ महिन्यांत पुढचा शाफ्ट, म्हणजे ट्रान्स्फर केसमधून पुढच्या चाकांकडे जोर नेणारा दांडा, तीन वेळा गेला, तोही चढावर, फोर लोमध्ये (चारही चाकांना जोर, संथ गिअर). पहिल्यांदा ट्रान्स्फर केसकडचा क्रॉस (वाकत्या जोडातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा) फुटला, दुसऱ्यांदा त्याच टोकाच्या योकचा (क्रॉस धरणाऱ्या चिमट्याचा) कान तुटला, तिसऱ्यांदा ट्यूबच, म्हणजे शाफ्टची नळीच पिळली. गॅरेजमध्ये सांगतात की माल डुप्लिकेट निघाला, आता जाड शाफ्ट करून घ्या.

जाड शाफ्ट इतक्यात करू नका. डुप्लिकेट क्रॉस बाजारात भरपूर आहेत हे खरं, पण डुप्लिकेट माल दर वेळी नेमका त्याच टोकाला मरत नाही. पहिले दोन्ही बिघाड ट्रान्स्फर केसच्याच बाजूचे आहेत, म्हणजे शाफ्टला तिथे कोणीतरी मारतंय. क्रॉस हा या साखळीतला स्वस्त फ्यूज आहे. फ्यूजच्या जागी जाड तार घातली की पुढच्या वेळी ट्रान्स्फर केसचा आउटपुट शाफ्ट किंवा पिनियन (शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला, डिफरन्शियलमधला छोटा गिअर) जाईल, आणि ते काम क्रॉसच्या कितीतरी पट महाग.

पहिलं काम: तुटलेले तुकडे भंगारात देऊ नका. निम्मं निदान त्यातच असतं. क्रॉसच्या चारही टोकांवरचे कप (आत सुईसारखे बारीक रोलर असलेल्या टोप्या) काढा, रॉकेलने धुवा आणि उन्हात धरून बघा.

टोकावर सुयांच्या मापाच्या समान अंतरावरच्या रेघा उमटल्या असतील तर सुया धातूत रुतल्या आहेत, म्हणजे झटक्याचा किंवा प्रमाणाबाहेरचा जोर आला. रेघा टोकाच्या एकाच अंगाला असतील तर ते अंग कुठलं ते पाहा. पुढे जातानाचा जोर एका अंगावर येतो, रिव्हर्सचा दुसऱ्या. पृष्ठभागाचे पापुद्रे निघाले असतील तर सुयांवर दीर्घकाळ जास्त भार होता. टोकाचा सपाट माथा, जो कपच्या तळाला टेकतो, तो खरवडलेला असेल तर जोड मोठ्या कोनात चालला किंवा बसवतानाच घट्ट बसला. तांबडी भुकटी म्हणजे पाणी आणि ग्रीसचा दुष्काळ. चारपैकी एकच कप कोरडा आणि बाकीचे तीन ओले असतील तर ग्रीस मारलं गेलं, पण त्या वाटेने पोचलंच नाही. निळसर-जांभळा रंग दिसला तर तिथे धातू तापला होता.

मग योक. कानांच्या आतल्या बाजूला, जिथे समोरच्या योकचा खांदा येतो, तिथे चकाकणारा ठोका दिसतो का? बोट फिरवलं तरी खळगा कळतो. असा ठोका म्हणजे दोन योक एकमेकांवर आपटतात, जोड त्याच्या मर्यादेपलीकडे वाकतो. दुसऱ्या वेळी कान तुटला त्याचं कारण बहुधा इथेच सापडेल. तुटलेला पृष्ठभागही वाचा. शिंपल्यासारख्या एकाआड एक रेघा आणि शेवटी थोडासा खडबडीत भाग असेल तर तडा महिनोन्‌महिने वाढत होता. सगळाच पृष्ठभाग दाणेदार आणि ताजा असेल तर एका फटक्यात गेला.

ट्यूबवर वेल्डच्या रेषेकडे बघा. दोरी पिळावी तशी तिरपी सुरकुती असेल तर निव्वळ पिळाचा जोर. ट्यूब मधे वाकली असेल आणि स्लिप योकच्या (शाफ्टची लांबी कमीजास्त होऊ देणाऱ्या सरकत्या जोडाच्या) स्प्लाइनचं, म्हणजे दातेरी दांड्याचं शेपूट ठोकलेलं दिसत असेल तर शाफ्ट लांबीला कमी पडत नव्हता, उलट आत जायला जागा उरत नव्हती.

तुकड्यांनी दिशा दाखवली की टेप आणि अँगल गेज घेऊन गाडीखाली जायचं. गाडी सपाट जागेवर, स्वतःच्या वजनावर, टाकी आणि सामान नेहमीसारखं. जॅकवर किंवा घोडीवर घेतलेल्या गाडीचा कोन मोजून काही कळत नाही, कारण पाटे लोंबलेले असतात. चुंबकी अँगल गेज उत्तम. मोबाइलमधलं लेव्हलचं अ‍ॅपही चालतं, फक्त प्रत्येक वेळी फोनची तीच कड टेकवा.

तीन कोन घ्या: ट्रान्स्फर केसच्या पुढच्या आउटपुट फ्लँजचा, शाफ्टच्या ट्यूबचा आणि पिनियनच्या फ्लँजचा. पद्धत दाखवायला आकडे घेऊ. इंजिन मागे ४ डिग्री झुकलेलं आहे, म्हणजे पुढचा आउटपुट पुढे जाताना ४ डिग्री वर बघतो. शाफ्ट मात्र पुढे जाताना १४ डिग्री खाली उतरतो. त्या जोडाचा कोन १४ अधिक ४, म्हणजे १८ डिग्री. पिनियनचं नाक मागे आणि ३ डिग्री वर आहे, म्हणून तिथला कोन १४ वजा ३, म्हणजे ११. बघितलंत, ट्रान्स्फर केसकडचा जोड जात्याच वाईट कोनात आहे. इंजिनाचा झुकाव पुढच्या शाफ्टच्या विरोधात जातो. तुमचं तेच टोक दोनदा गेलंय.

यात लिफ्टचा वाटा किती, तेही मोजता येतं. पुढचा शाफ्ट ६०० मिमी धरा आणि लिफ्ट ६४ मिमी. फक्त तेवढ्याने शाफ्टचा उतार साधारण ६ डिग्रीने वाढतो. तीच लिफ्ट १२०० मिमीच्या मागच्या शाफ्टला निम्मी, म्हणजे ३ डिग्रीच लागते. लिफ्ट केल्यावर मागचा शाफ्ट निवांत आणि पुढचा रडतो, त्यामागे एवढंच गणित आहे.

बरेच जण विसरतात ती गोष्ट म्हणजे वरून दिसणारा तिरकेपणा. डिफरन्शियलचं हाउसिंग मधोमध नसतं, शाफ्ट आडवाही सरकतो. ओळंबा लावून दोन्ही फ्लँजांचे मध्य जमिनीवर खडूने उतरवा. १०० मिमीचा आडवा फरक ६०० मिमी लांबीवर साडेनऊ डिग्री होतो. उभा १८ आणि आडवा साडेनऊ यांची साधी बेरीज होत नाही. दोघांचे वर्ग करून, बेरजेचं वर्गमूळ काढलं की सुमारे २०. खरा कोन तो.

आता या कोनाने होतं काय? एकेरी क्रॉसचा जोड वाकडा फिरला की आत एकसारखा वेग घालूनही बाहेर तो एकसारखा येत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. १० डिग्रीला हा चढउतार दीड टक्का, १८ डिग्रीला ५ टक्के, २५ डिग्रीला १० टक्क्यांच्या घरात. दुसऱ्या टोकाचा जोड तितक्याच कोनात असेल आणि ट्यूबवरचे दोन्ही योक एका रेषेत असतील तर हे दोन चढउतार एकमेकांना खाऊन टाकतात. आपल्या उदाहरणात १८ आणि ११ आहेत. उरलेला उपद्रव किती, ते १८ चा वर्ग वजा ११ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ, म्हणजे १४ डिग्रीच्या एकट्या जोडाइतका. दोन जोडांच्या कोनात एक डिग्रीच्या आसपास फरक असावा असा कारखान्यांचा आग्रह असतो. इथे सात आहे.

बॅलन्सिंग करून हे जात नाही, हे गॅरेजवाल्याला समजावणं कधीकधी शाफ्ट बदलण्यापेक्षा अवघड जातं. बॅलन्सची थरथर शाफ्टच्या फेऱ्यामागे एकदा येते, कोनाची दोनदा. ओळखायची सोपी चाचणी आहे. ट्रान्स्फर केस टू हायमध्ये (फक्त मागच्या चाकांना जोर) ठेवून दोन्ही पुढचे हब लॉक करा आणि सरळ रिकाम्या रस्त्यावर ६० पर्यंत जा. मग थांबून हब मोकळे करून तेच करा. लॉक असताना थरथर आणि मोकळ्यावर शांतता असेल तर दोष पुढच्या शाफ्टमध्ये किंवा त्याच्या कोनात. ६० च्या वेगाला ४.८८ गुणोत्तराचा (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.८८ फेरे) अ‍ॅक्सल शाफ्टला मिनिटाला २१०० च्या आसपास फेरे देतो, तेव्हा लपलेलं काही लपत नाही. हब मोकळे असूनही थरथर तशीच असेल तर पुढच्या शाफ्टला उगाच बोल लावू नका, मागे बघा.

योक एका रेषेत आहेत का, हे आधी नुसत्या डोळ्यांनी पाहा. स्लिप जोड उघडून परत घालताना एक-दोन दाते चुकले की दोन्ही टोकांचे योक एकमेकांशी तिरके होतात आणि कोन अचूक असूनही शाफ्ट झटके देतो. उघडण्याआधी दोन्ही भागांवर पंचने खूण करायला अर्धं मिनिट लागतं.

आतापर्यंत मोजला तो शाफ्टचा कोन गाडी उभी असतानाचा. पण तुमचा शाफ्ट चढावर, फोर लोमध्ये तुटतो, तेव्हाचा कोन वेगळाच असतो. चाकं पुढे फिरतात तेव्हा अ‍ॅक्सलचं हाउसिंग उलट दिशेने फिरू बघतं. मागच्या अ‍ॅक्सलचं पिनियन त्यामुळे वर उचललं जातं, पुढच्याचं खाली दबतं. म्हणजे जोर जितका जास्त तितका पुढच्या जोडाचा कोन बिघडलेला. मऊ पाटे, सैल यू-बोल्ट किंवा तुटलेला सेंटर बोल्ट असेल तर नाक चांगलंच खाली जातं आणि पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो. हे बघायला कोणी गाडीखाली झोपू नये. चॅसिसला मोबाइल किंवा छोटा कॅमेरा पट्टीने घट्ट बांधा, नेहमीच्या चढावर फोर लो, पहिला गिअर, हळूच जोर द्या, आणि घरी येऊन चित्रण बघा. पिनियन किती डुबकी मारतं ते स्पष्ट दिसतं.

शॅकल लांब केल्याचं आणखी एक पाप. शॅकल पाट्याच्या मागच्या टोकाला असेल तर लांब शॅकलने मागचा डोळा खाली येतो आणि पिनियनचं नाकही खाली जातं, कोन बिघडतो. शॅकल पुढच्या टोकाला असेल तर नाक वर येतं आणि कोन सुधारतो, पण कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव) कमी होतो आणि स्टेअरिंग हातात भटकायला लागतं. पुढच्या सॉलिड अ‍ॅक्सलवर कॅस्टर आणि पिनियनचा कोन हे एकाच हाउसिंगला वेल्ड केलेले दोन भाऊ आहेत, एकाला हलवलं की दुसरा हलतोच. पिनियन ४ डिग्री वर केलं की ४ डिग्री कॅस्टर गेला. म्हणून पाचर घालून पिनियन हवं तेवढं वर करू, हा मागच्या अ‍ॅक्सलचा उपाय पुढे जसाच्या तसा चालत नाही.

आता लोंबतं टोक. चॅसिसला घोड्या लावा, मागच्या चाकांना पुढूनमागून ठोकळे घाला, पुढचा अ‍ॅक्सल पूर्ण लोंबू द्या. ट्रान्स्फर केस टू हायला आणि हब लॉक करून दोन्ही पुढची चाकं हाताने फिरवा. शाफ्ट सुरळीत फिरला पाहिजे. फेऱ्यामागे दोनदा अडत असेल, किंवा योकचे खांदे जवळ येऊन त्यांच्यात जाड कागदही जात नसेल, तर तुटलेल्या कानाचं कोडं सुटलं. खडकाळ वाटेवर एक चाक हवेत लोंबतं, त्याच क्षणी इंजिनाचा जोर येतो, कान कानावर चढतो आणि टक्कन जातो.

तिथेच स्लिपची लांबीही मोजा. शाफ्टचं एक टोक सोडून स्लिप पूर्ण आत ढकला, सीलच्या कडेला मार्करने रेघ मारा. परत जोडून तीन स्थिती बघा: पूर्ण लोंबताना, स्वतःच्या वजनावर आणि बंपस्टॉपला (पाटे पूर्ण दबल्यावर आडव्या येणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकल्यावर. बंपस्टॉपला टेकल्यावरही आत जायला किमान २५ मिमी, म्हणजे आठ सूत, शिल्लक हवेत. लोंबताना स्प्लाइनचा पुरेसा भाग आत अडकलेला हवा, निदान स्प्लाइनच्या व्यासाइतका तरी. पाटे दबले की सपाट होतात, लांब होतात, आणि अ‍ॅक्सल पाट्याच्या पक्क्या टोकापासून दूर सरकतो. पक्कं टोक पुढे असलेल्या गाडीत तो मागे, म्हणजे ट्रान्स्फर केसकडे येतो. तिथे स्लिप आत टेकला तर प्रत्येक खड्ड्याचा मार सरळ आउटपुटच्या बेअरिंगला बसतो.

कोनाचं झालं. पण तिसऱ्या वेळी ट्यूब पिळली, आणि एकटा कोन ट्यूब पिळत नाही. तिथे वाइंड-अप, म्हणजे दोन शाफ्टांमध्ये साठत जाणारा पीळ, आणि झटका यांचा हिशोब आहे.

पार्ट-टाइम ट्रान्स्फर केसमध्ये मधला डिफरन्शियल नसतो. फोर हाय किंवा फोर लो लागला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, चिखलात किंवा मातीत टायर घसरून तो फरक फेडतात. डांबरावर फेडायला जागा नसते. पावसाळ्यात ओल्या घाटात फोर हाय लावून वळणामागून वळण घेणारी गाडी प्रत्येक वळणाला पीळ साठवत जाते. लिव्हर टू हायला येत नाही, स्टेअरिंग जड होतं, गाडी हँडब्रेक लावल्यासारखी ओढते. लिव्हर अडकला की हातोडी घेऊ नका. चार-पाच मीटर सरळ मागे या, पीळ सुटतो.

तुमच्या गाडीत त्यावर टायरांची भर आहे. पुढचे नवे, मागचे झिजलेले. टायरवरचा इंच बघून काही कळत नाही, घेर मोजावा लागतो. टायरवर आणि जमिनीवर खडूची रेघ मारा, गाडी ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा करा, पुन्हा रेघ मारा, अंतर टेपने घ्या. समजा पुढचा २३१० मिमी आणि मागचा २२७० मिमी आला. ४० मिमी काय, सोडून द्या, असं वाटेल. पण एका किलोमीटरला पुढचं चाक ४३३ फेरे मारतं आणि मागचं साधारण ४४०. ४.८८ च्या गुणोत्तराने दोन शाफ्टांमध्ये प्रत्येक किलोमीटरला सुमारे ३७ फेऱ्यांची तफावत झाली. सरळ रस्त्यावरही. मातीत ती टायर खातात, डांबरावर शाफ्ट. घेरातला फरक १० मिमीच्या आत आणा, नाहीतर निदान पुढे-मागे अदलाबदल करत एकसारखे झिजवा.

जुनी गाडी असेल तर आणखी एक शंका काढून टाका: पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर एकच आहे का? भंगारातून आणलेलं हाउसिंग बसवलेल्या गाड्यांत पुढे ४.८८ आणि मागे ५.३८ अशी जोडी सापडू शकते. ट्रान्स्फर केस टू हायला, गिअर न्यूट्रल, हब लॉक, एक चाक जमिनीवर आणि दुसरं उचललेलं. उचललेलं चाक बरोबर २० फेरे फिरवा आणि शाफ्टवर लावलेली चिकटपट्टी मोजा. एक चाक स्थिर असल्याने डिफरन्शियल अर्धेच, म्हणजे १० फेरे घेतो. ४.८८ असेल तर शाफ्टचे फेरे पावणेएकोणपन्नासच्या आसपास येतील, ५.३८ असेल तर पावणेचोपन्न. मागेही तेच करा, तिथे उचललेल्या चाकासाठी हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून ठोकळे विसरू नका. आकडे जुळले नाहीत तर बाकीचं निदान थांबवा, फोर बाय फोर लावूच नका.

झटक्याचं बळ किती असतं, याचा ढोबळ अंदाज घ्या. पुढच्या अ‍ॅक्सलवर १००० किलो, टायरची त्रिज्या ३७० मिमी, कोरड्या खडकाची पकड ०.८ धरली तर चाकं घसरायला लागेपर्यंत शाफ्टवर ६०० न्यूटन मीटरच्या आसपास पीळ येतो. इथपर्यंत चांगला क्रॉस हसतमुख असतो. पण २५० न्यूटन मीटरचं इंजिन, पहिला गिअर ४ चा आणि लो अडीचचा धरला तर ट्रान्स्फर केसपर्यंत २५०० न्यूटन मीटर पोचतात. मागची चाकं हवेत किंवा चिखलात आणि पुढची चाकं दगडाच्या कपारीत अडकली, तर तो जवळजवळ सगळा पुढच्या शाफ्टवर. त्यात चाक फिरतं ठेवून अचानक पकड मिळाली तर फिरत्या चाकाचा झटका वरून. चढ चढत नसेल तर अ‍ॅक्सिलरेटर नाचवून गाडी उड्या मारवायची सवय शाफ्टची सगळ्यात मोठी शत्रू आहे, आणि ती कुठल्याही स्पेअरपार्टने जात नाही. चाक घसरू लागलं की पाय उचला, मग दुसरी वाट धरा.

आधाराचे रबर बघायचे राहिले. इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस यांचे माउंटिंग. टॉमीने हळूच उचकून बघा, रबर लोखंडापासून सुटलं असेल तर फट उघडते. रबर सुटलेलं असेल तर जोर आल्यावर ट्रान्स्फर केस फिरते आणि तुम्ही मोजलेले सगळे कोन खोटे ठरतात. जिप्सीसारख्या गाड्यांत तर ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सपासून वेगळी, स्वतःच्या रबरांवर टांगलेली असते. तिथे हे पहिल्याच दिवशी बघायचं काम आहे. आउटपुट फ्लँज आणि पिनियनचा फ्लँज हाताने वर-खाली, आत-बाहेर हलवा. वर-खाली हलणं हाताला जाणवलं की बेअरिंग गेलं. अशा बेअरिंगवर नवा शाफ्ट बसवणं म्हणजे पैसे पाण्यात.

क्रॉस घेताना आणि बसवताना होणाऱ्या चुका. स्पायसर पद्धतीच्या १३१० मापाच्या क्रॉसचा कप सुमारे २७ मिमी व्यासाचा आणि समोरासमोरच्या कपांची बाहेर-बाहेर लांबी ८१.८ मिमी. १३३० चा कपही २७ मिमीच, पण लांबी ९२.१. नुसता कप घेऊन दुकानात गेलात तर चुकीचा क्रॉस हातात पडू शकतो. व्हर्नियरने दोन्ही मापं घ्या.

कप हातोडीने ठोकत बसवू नका, व्हाइसमध्ये दाबा. ठोकताना एखादी सुई आडवी पडून कपच्या तळाशी झोपते. कप पूर्ण जात नाही, सर्क्लिप (कप धरून ठेवणारी कडी) खाचेत बसत नाही, तरी मारून मुटकून बसवला जातो, आणि तो क्रॉस शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये संपतो. सर्क्लिप बसली की योकच्या कानावर, कपवर नव्हे, पितळी हातोडीने हलका टोला द्या, म्हणजे कप बाहेर सरकून क्लिपला टेकतो आणि टोकांवरचा दाब जातो. बसवलेला क्रॉस दोन्ही दिशांना बोटाने फिरला पाहिजे. थोडा घट्ट पण एकसारखा असेल तर ठीक, मधेच टचकन अडला तर उघडा. पिनियनकडच्या यू-बोल्टचे नट अंदाजपंचे आवळू नका. जास्त आवळले की कप लंबगोल होतो आणि सुया त्याच जागी घासतात. टॉर्क गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या, तो लोकांच्या समजुतीपेक्षा बराच कमी असतो.

ग्रीस लिथियमचं, ईपी दोन नंबर. चारही सीलमधून ताजं ग्रीस डोकावेपर्यंत मारा. एखाद्या कपमधून येत नसेल तर शाफ्ट त्या बाजूला हलवत, वाकवत मारा. स्लिप जोडाचं निपल वेगळं असतं, आणि तिथे मात्र हात आखडता घ्या. आतली पोकळी ग्रीसने गच्च भरली की स्लिप आत जाऊच शकत नाही, द्रवाचा दट्ट्या होतो आणि शाफ्ट लांबीला कडक होतो. ओढा किंवा नदी ओलांडली असेल तर त्याच संध्याकाळी ग्रीस. कोकणातला जांभ्याचा चिखल सील आणि स्प्लाइनमध्ये वाळला की पॉलिश पेपरचं काम करतो.

मग उपाय काय? या गाडीत माझा कल असा. लांब शॅकल काढून मूळचे लावा. शॅकल दोन इंच लांब असेल तर गाडी एकच इंच उचलते, म्हणजे फार काही गमावत नाही, पण ६०० मिमीच्या शाफ्टचा उतार जवळजवळ अडीच डिग्रीने कमी होतो. शॅकल मागे असेल तर पिनियनचं नाकही वर येतं. मग कॅस्टर मोजून जागा असेल तर दीड-दोन डिग्रीची पोलादी पाचर घाला. अ‍ॅल्युमिनियमची नको, ती भेगाळते. पाचरेबरोबर सेंटर बोल्ट लांब लागतो, आणि यू-बोल्ट नवेच घ्या.

लोंबताना योक आपटत असतील तर लिमिट स्ट्रॅप लावा, म्हणजे नायलॉनचा पट्टा जो अ‍ॅक्सलला ठरावीक मर्यादेखाली जाऊ देत नाही. तीस-चाळीस मिमी लोंबणं कमी झाल्याने वाट सुटत नाही, कान मात्र वाचतो. बंपस्टॉपला टेकताना स्लिप आत आपटत असेल तर बंपस्टॉप वाढवा किंवा लेथवाल्याकडून शाफ्ट तेवढाच आखूड करून घ्या, नंतर बॅलन्स करायला सांगा.

ट्रान्स्फर केसकडे डबल कार्डन जोड (लागोपाठ दोन क्रॉस असलेला) लावण्याचा सल्ला कुणीतरी देईलच. तो १८ डिग्री दोन क्रॉसमध्ये नऊ-नऊ वाटतो, योक आपटणं थांबतं, तितका फायदा खरा. पण पिनियनने नेमकं त्या जोडाकडे बघायला हवं. आपल्या उदाहरणात पिनियन सुमारे ११ डिग्री वर करावं लागेल आणि तितका कॅस्टर द्यायला कुठल्याच गाडीत नसतो, नकल (चाक वळवणारा सांधा) कापून फिरवून वेल्ड केल्याशिवाय. न फिरवता लावलात तर पिनियनचे ११ डिग्री तसेच उघडे राहतात. हब मोकळे ठेवून फोर बाय फोर फक्त हळू वाटेवर वापरत असाल तर ते खपून जातं, हब कायम लॉक ठेवत असाल तर नाही. शिवाय या जोडाच्या मधल्या सेंटरिंग बॉलला ग्रीस लागतंच. डॉज रॅमच्या २००३ पासूनच्या हेवी-ड्युटी मॉडेलांत बरीच वर्षं पुढचा अ‍ॅक्सल सोडवण्याची सोयच नव्हती, शाफ्ट टू-व्हीलमध्येही फिरत राही. तिथे ग्रीस न घेणारा हाच बॉल कोरडा पडून शाफ्ट ट्रान्स्फर केसच्या तोंडाशी फडफडायचा प्रकार अमेरिकेतल्या पिकअपवाल्यांना चांगलाच ठाऊक आहे.

हिलक्स किंवा व्ही-क्रॉससारखं पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन असलेल्या पिकअपला यातलं लोंबण्याचं आणि कॅस्टरचं प्रकरण लागू नाही. तिथे डिफरन्शियल चॅसिसला पक्का असतो, पुढचा प्रोपेलर शाफ्ट खड्ड्यांत वाकतच नाही. लिफ्टचा सगळा ताण चाकांकडे जाणाऱ्या हाफ-शाफ्टच्या सीव्ही जोडांवर आणि त्यांच्या रबरी बुटांवर येतो. अशा गाडीत प्रोपेलर शाफ्टच वारंवार जात असेल तर डिफरन्शियलचे माउंटिंग आणि टायरांचा घेर, हे दोनच आधी बघा.

शाफ्ट पूर्ण काढून काही दिवस टू हायमध्ये चालवायला तुमच्या गाडीत हरकत नाही, फक्त आउटपुट सीलमधून तेल गळत नाही ना, ते बघा. उलट, क्रॉस करकरतोय आणि पुढच्या महिन्यात बदलू म्हणत हब लॉक करून चालवू नका. वेगात एक टोक सुटलं की दुसऱ्या टोकावर शाफ्ट गदेसारखा फिरतो. ब्रेकचे पाइप, तेलाचा चेंबर, ट्रान्स्फर केसचं बीड, वाटेत येईल ते फोडतो. पुढच्या टोकाजवळ लोखंडी पट्टीचा एक फास, शाफ्टपासून बोटभर अंतर ठेवून, चॅसिसच्या आडव्या मेंबरला लावून घ्या.

काम झाल्यावर १०० किलोमीटरनंतर आणि मग ५०० नंतर पाट्यांचे यू-बोल्ट आणि फ्लँजचे बोल्ट पुन्हा टॉर्कवर तपासा. ५०० च्या वेळी ट्रान्स्फर केसकडच्या योकवर, कानाच्या आतल्या अंगाला, पांढऱ्या रंगाचा एक पातळ हात मारून ठेवा. दोन खडकाळ फेऱ्यांनंतर रंग शाबूत असेल तर लोंबण्याचा प्रश्न मिटला. खरवडलेला दिसला तर स्ट्रॅप आणखी एक भोक आत घ्या.